चाळीस मिलिसेकंदांत एक चित्र

फोनवर घेतलेला फोर-के व्हिडिओ त्याच फोनवर विनातक्रार चालतो. तीच फाइल लाखभर रुपयांच्या कॉम्प्युटरवर, एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकली की अडखळायला लागते. आवाज नीट येतो, चित्र मात्र उड्या मारतं. दुकानदार म्हणतो रॅम वाढवा, मित्र म्हणतो ग्राफिक्स कार्ड बदला. दोन्ही केलं तरी चित्र अडतंच, असं पुष्कळदा होतं. आणि आकडे मांडून पाहिले, की मुळात हे सगळं चालतं तरी कसं, याचंच नवल वाटू लागतं.

फोर-केच्या एका चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले तर एकच चित्र सुमारे २५ मेगाबाइटचं होतं. सेकंदाला अशी २५ चित्रं म्हणजे ६२० मेगाबाइट. तासाला सव्वादोन टेराबाइट. फोनमधली फाइल मात्र सेकंदाला साधारण सहा मेगाबाइटची असते. म्हणजे शंभरातले नव्याण्णव भाग कुठेतरी नाहीसे झाले, आणि आपल्या डोळ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही!

या जादूचा एक धागा बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांच्यापाशी जातो. अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत असताना, १९७२ साली त्यांनी चित्र लहान करण्याच्या एका गणिती युक्तीवर काम करण्यासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. ते मिळाले नाहीत. कल्पना फारच साधी वाटली म्हणे. अहमद यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये ती युक्ती प्रसिद्ध केली: डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. चित्राचे छोटे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन ठिपक्यांऐवजी जाडबारीक लहरींच्या बेरजेत मांडायचा, आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरी टाकून द्यायच्या. जेपेग फोटो याच युक्तीवर उभा आहे, आणि २००३ साली आलेल्या एच-२६४ या व्हिडिओच्या प्रकारात तिचंच पूर्णांकांत बसवलेलं रूप आहे.

पण एवढ्यानं शंभरपट बचत होत नाही. खरी काटकसर दोन चित्रांमधली आहे. किराणा दुकानातली उधारीची वही आठवा: पानाच्या वरती मागील बाकी, आणि खाली फक्त रोजची भर-घट. व्हिडिओतही सेकंदा-दोन सेकंदांनी एखादंच चित्र पूर्ण साठवलेलं असतं. मधल्या चित्रांच्या जागी नुसत्या नोंदी: हा चौकोन चार ठिपके डावीकडे सरकला, तो थोडा उजळला. काही चित्रं तर मागच्या आणि पुढच्या, अशा दोन्ही चित्रांच्या आधारानं लिहिलेली असतात. म्हणून पुढचं चित्र आधी उलगडायचं, मग मागे येऊन मधलं. पडद्यावर जे नंतर दिसणार, ते यंत्राला आधी माहीत असावं लागतं.

सरळ बघत बसणाऱ्याला ही व्यवस्था उत्तम. एडिट करणारा मात्र सरळ बघत नाही. तो प्लेहेड पकडून मधेच कुठेतरी नेतो. तिथे तर चित्रच नाही, नोंद आहे! मग यंत्र मागे जाऊन पूर्ण चित्र शोधतं आणि तिथपासून एकेक नोंद लावत पुढे येतं. २५ चित्रांच्या हिशेबानं प्रत्येक चित्राला वेळ मिळतो ४० मिलिसेकंद. कीबोर्डवरचं ‘जे’ दाबून उलटं चालवलं तर काम आणखी अवघड: अख्खा गट सुलट क्रमानं उलगडायचा, मेमरीत धरायचा, मग शेवटाकडून एकेक दाखवायचं. वेळेत झालं नाही तर चित्र गाळलं जातं, आवाज सहसा चालू राहतो. आवाजातली फट कानाला लगेच खुपते, गाळलेलं चित्र डोळा बऱ्याचदा माफ करतो.

आता फोनचं कोडं सुटतं. नोंदी उलगडण्यासाठी फोनच्या चिपमध्ये एक वेगळं सर्किट कोरलेलं असतं. दुसरं काही त्याला येत नाही, पण एवढं ते फार थोड्या विजेत करतं. कॉम्प्युटरमध्येही अशी सर्किटं असतात. इंटेलनं २०११ मध्ये क्विक सिंक नावाचं असं सर्किट प्रोसेसरमध्येच घातलं, ग्राफिक्स कार्डांवरही ती असतात. अडचण अशी, की प्रत्येक सर्किटाला ठरावीक भाषाच कळतात. बरेच नवे कॅमेरे रंगांची माहिती फोनपेक्षा दाट, चार-दोन-दोन पद्धतीनं, दहा बिटांत साठवतात. एनव्हिडियाच्या कार्डांतल्या सर्किटाला ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत उलगडताच येत नव्हती. इंटेलच्या साध्या अंगभूत ग्राफिक्सला मात्र एचईव्हीसी या एच-२६४ नंतरच्या प्रकारातली ती काही वर्षं आधीपासून येत होती. म्हणजे महागडं कार्ड हात बांधून उभं, आणि स्वस्त चिप काम उरकून मोकळी. कार्ड घेण्याआधी आपला कॅमेरा काय लिहितो ते पाहावं, असं मी म्हणेन ते यासाठीच.

रॅमचा सल्ला अगदीच खोटा नाही. एडिटिंगचं सॉफ्टवेअर रंगांचं काम करताना प्रत्येक ठिपका पुष्कळदा ३२ बिटांच्या दशांशी आकड्यांत धरतं, म्हणजे आपलं २५ मेगाबाइटचं चित्र एकदम १०० चं होतं. मेमरी कमी पडली की सगळंच अडतं. पुरेशी असल्यावर वाढवून मात्र नोंदी लवकर उलगडत नाहीत. हार्ड डिस्कचंही तसंच. एका फाइलीला ती पुरते, पण चार कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र चालवलं की मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर वाचणारा काटा इकडून तिकडे धावत सुटतो. तिथे एसएसडीला पर्याय नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय मला सगळ्यात मजेशीर वाटतो. फाइल मोठी करायची! ॲपलनं २००७ मध्ये आणलेल्या प्रोरेसमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र, पूर्ण. फोर-केची फाइल दहापट फुगते, पण मागेपुढे कुठेही उडी मारा, शोधाशोध नाही. एवढी जागा नसेल तर त्याच फुटेजच्या कमी ठिपक्यांच्या प्रती काढायच्या, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, आणि त्यांवर काम करायचं. फिल्मच्या काळातही संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसत. स्वस्त वर्कप्रिंट कापायची, जोडायची, आणि सगळं ठरल्यावरच निगेटिव्हला कात्री लागायची. संकलक वॉल्टर मर्च यांनी ‘द इंग्लिश पेशंट’ हा चित्रपट ॲव्हिड या संगणकी एडिटिंग-यंत्रणेवर संकलित केला आणि त्या कामाला ऑस्कर मिळालं. त्या वेळच्या ॲव्हिडवरचं चित्रही मूळ फिल्मच्या मानानं पुष्कळ धूसर असायचं. कुठे कापायचं हे कळायला ८३ लाख ठिपके लागतच नाहीत. ते लागतात रंग जुळवताना आणि फोकस तपासताना. तेवढ्यापुरत्या प्रॉक्सी बंद करायच्या.