अर्थमितीचा अभ्यास : सूत्राआधी कारणाचा शोध

कृषी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अर्थमिती सूत्रांमुळे अवघड वाटते. खरी अडचण त्याआधीची आहे. दोन गोष्टी सोबत आढळल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरते काय, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

मैसूरु जिल्ह्यातील तलकाड येथे कावेरीच्या वळणावरील प्राचीन मंदिरे वाळूखाली गाडली गेली. लोकश्रुती याचे कारण १६१० च्या सुमारास अलमेलम्माने दिलेल्या शापात शोधते. संशोधकांनी मात्र चौदाव्या शतकातील माधवमंत्री बंधाऱ्याकडे लक्ष वेधले आहे. बंधाऱ्यामुळे प्रवाह घटला, पात्रातील वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती गावावर आणली, अशी ही मांडणी आहे. निर्णायक घटक विश्लेषणातून सुटला की भलतेच कारण खरे वाटू लागते. अर्थमितीत यास ‘वगळलेल्या चलाचा दोष’ म्हणतात.

हाच दोष भातशेतीच्या आकडेवारीतही संभवतो. समजा, खोडकिडा अत्यल्प असलेल्या शेतात फवारणीविना एकरी २२ क्विंटल भात झाले. प्रादुर्भाव तीव्र असलेल्या शेतात दोन फवारण्या करूनही १९ क्विंटल झाले. केवळ फवारण्या व उत्पादन यांचे समाश्रयण केल्यास फवारणीने ३ क्विंटल घट झाली, असा निष्कर्ष निघेल. परंतु तितकाच प्रादुर्भाव असलेल्या, फवारणी न केलेल्या शेतात १५ क्विंटल झाले असल्यास, वाण, जमीन व लागवडीची वेळ सारखी धरून, फवारणीने ४ क्विंटल वाचले असे दिसते. वगळलेले चल होते प्रादुर्भावाची तीव्रता.

म्हणून अभ्यासाचा क्रम असा ठेवावा :

१. प्रश्न साध्या मराठीत एका वाक्यात लिहावा.
२. परिणामावर प्रभाव टाकणारे सर्व घटक बाणांनी जोडून आकृती काढावी.
३. आठ-दहा शेतांच्या आकड्यांवर गणित प्रथम हाताने करावे, नंतर संगणकावर.
४. अंदाज व प्रत्यक्ष यांतील फरक शेतनिहाय तपासावा.

पायाभूत सांख्यिकीसाठी पानसे व सुखात्मे यांचा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रकाशित केलेला ग्रंथ आजही उपयुक्त आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी उत्पादनासोबत कीडग्रस्त फुटव्यांची टक्केवारी, वाण आणि लागवडीची तारीख अवश्य नोंदवावी. जे नोंदवले नाही, ते कोणतेही सूत्र नंतर भरून काढू शकत नाही. आणि चुकीच्या शिफारशीचा खर्च शेवटी शेतकऱ्यावरच पडतो.