मुलांस चेहरा पाहावयास शिकवा

लहान मुलाच्या हातीं खडू अगर कोळसा आला कीं तें पहिल्यानें काय काढतें? बहुधा माणूस. एक वाटोळें, त्यांत दोन टिंबें, खालीं एक आडवी रेघ, आणि त्या वाटोळ्यालाच चिकटलेले दोन पाय. ‘ही आई’ असें तें निःशंकपणें सांगतें, व आपणही कौतुकानें मान डोलावतों. पुढें तेंच मूल सहा-सात वर्षांचें झालें कीं आपण त्याच्या हातांतला माणूस काढून घेतों आणि त्या जागीं दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, एक नदी व एक नारळाचें झाड देतों. शाळेंत हाच देखावा, स्पर्धेंत हाच, आणि पाहुण्यांपुढें दाखविण्याच्या वहींतही हाच. ज्या विषयाकडे मुलाची उपजत ओढ, तोच विषय कठीण म्हणून आपण बंद करून टाकतों. ह्या लेखांत आम्ही त्याच विषयाची शिफारस करणार आहों, आणि तीसाठीं युरोपांतील प्रबोधनकालच्या चित्रकारांचें साहाय्य घेणार आहों.

प्रथम आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतों. मुलांच्या आजोबांस, म्हणजे आमच्या तीर्थरूपांस, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वांचला, परंतु चेहऱ्याची डावी बाजू थोडी ओघळली ती ओघळलीच. एके दिवशीं दुपारीं आमचा आठ वर्षांचा पुतण्या त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून तासभर कांहीं काढीत होता. आम्हीं जवळ जाऊन पाहिलें, तों कागदावर आजोबा! एक डोळा खालीं उतरलेला, ओठांचा एक कोपरा ओढलेला, मान किंचित् कललेली. त्या दिवशीं घरीं पाहुणे होते. आम्हीं कागद ओढून घेतला आणि ‘आजोबांची अशी चेष्टा करतोस?’ म्हणून मुलास सर्वांदेखत दटाविलें. तें रडलें नाहीं. ‘पण आजोबा असेच आहेत ना?’ एवढेंच तें म्हणालें. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. कागद कपाटांत गेला, आणि मुलगा पुन्हां डोंगर व सूर्य काढूं लागला.

ह्या गोष्टीस दोन-तीन महिने झाल्यावर एका पुस्तकांत आम्हांस एक चित्र आढळलें. फ्लॉरेन्स येथील चित्रकार डोमेनिको गिर्लांडायो ह्यानें तें १४९० च्या सुमारास लांकडी फळीवर रंगविलें. हल्लीं तें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. उंची सुमारें ६३ सेंटिमीटर, रुंदी सुमारें ४६. तांबडा अंगरखा घातलेला एक वृद्ध गृहस्थ बसला आहे. त्याच्या नाकावर रोगामुळें मोठाल्या गांठी आल्या आहेत. कपाळावरही एक आवाळूं आहे. त्याच्या कुशींत कुरळ्या केसांचा एक लहान मुलगा आहे. तो आपला इवलासा हात म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवून वर, नेमका त्याच्या तोंडाकडे, पाहत आहे. म्हातारा खालीं मुलाकडे पाहत आहे. मागें खिडकींतून वळणावळणाची वाट आणि डोंगर दिसतात. हीं दोघें कोण ह्याची कोठेंही नोंद नाहीं. परंतु जग त्यांस आजोबा आणि नातू म्हणूनच ओळखतें.

चित्रकारानें नाक झांकलें नाहीं. त्याला तें सहज झांकतां आलें असतें. मान जराशी वळविली असती किंवा कुंचला थोडा हलका चालविला असता म्हणजे झालें! त्यानें तें सारें स्पष्ट दाखविलें, आणि त्याशेजारीं त्या नाकाची यत्किंचितही पर्वा नसलेली मुलाची नजर दाखविली. आम्हीं पुतण्यास हांक मारली आणि ‘ह्यांत काय दिसतें?’ असें विचारलें. तो बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, ‘आजोबांचें नाक दुखत असेल. पण त्या मुलाला त्याचें कांहीं वाटत नाहीं.’ चूक कोणाची होती हें आम्हांस त्या क्षणीं कळलें. मुलानें चेष्टा केली नव्हती. त्यानें पाहिलें होतें. आम्ही मात्र पाहण्याचें टाळीत होतों.

प्रबोधनकाल म्हणजे काय, हें मुलांस व्याख्या देऊन सांगण्याची गरज नाहीं. इटलींत सुमारें चौदाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत विद्या व कला ह्यांस नवा बहर आला, इतकें पुरे. त्यापूर्वीं कित्येक शतकें तिकडील चित्रकार बहुतकरून देवदूत, संत आणि राजे काढीत, व तीं चित्रें ओळखावयाचीं तीं बहुधा हातांतील वस्तूवरून अगर मुकुटावरून. जसा आपण मारुती गदेवरून ओळखतों. पुढें फ्लॉरेन्ससारख्या श्रीमंत शहरांतील सावकार, व्यापारी आणि त्यांच्या कुटुंबांतील माणसें ह्यांनाही आपला स्वतःचा चेहरा मागें राहावा असें वाटूं लागलें. मग चित्रकारास हा मनुष्य दुसऱ्या कोणासारखा नाहीं हें दाखविणें भाग पडलें. व्यक्तिचित्राची कला येथून वाढीस लागली.

आरंभीं असे चेहरे जुन्या नाण्यांवरील राजांप्रमाणें एका बाजूनें काढीत. पिएरो देल्ला फ्रांचेस्का ह्यानें काढलेलीं उर्बिनोचा ड्यूक व त्याची पत्नी ह्यांचीं चित्रें फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयांत आहेत. त्यांत दोघें एकमेकांसमोर अशींच बसलीं आहेत. ड्यूकचा उजवा डोळा भाल्यांच्या खेळांत गेला होता, म्हणून चित्रांत त्याची डावी बाजूच दिसते. मात्र नाकाचा तुटका कंगोरा व गालावरचे तीळ चित्रकारानें जसेच्या तसे ठेविले. पुढें चेहरा पाऊण वळला, डोळे प्रेक्षकाकडे आले, हात दिसूं लागले. लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) ह्याची ‘मोना लिसा’ ह्याच रीतीची. हें चित्र मुलांस बहुधा ठाऊक असतें. परंतु तें केवढें आहे ह्याची त्यांस कल्पना नसते. ७७ सेंटिमीटर उंच व ५३ सेंटिमीटर रुंद असा कागद कापून भिंतीवर लावा, आणि जगांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र एवढेंच आहे असें सांगा. मुलें थक्क होतात. मोबाईलच्या पडद्यावर सर्वच चित्रें सारखीं दिसतात. कागद कापला म्हणजे चित्रास देह येतो.

घरांतल्या माणसांवरूनच मोठी कला निपजते, ह्याचीं दोन उदाहरणें मुलांस अवश्य सांगावीं. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं एका सोनाराच्या घरीं १४७१ सालीं आल्ब्रेख्ट ड्यूरर जन्मला. १४८४ सालीं, तेरा वर्षांचा असतांना, त्यानें आरशांत पाहून स्वतःचें चित्र काढलें. तें कागद आजही व्हिएन्ना येथील आल्बर्टिना संग्रहालयांत आहे. तें त्यानें चांदीच्या टोंकानें, लेप दिलेल्या कागदावर काढलें. आणि चांदीची रेघ एकदां उमटली म्हणजे पुसतां येत नाहीं. पुढें मोठेपणीं, १५१४ सालीं, त्यानें आपल्या आईचें चित्र कोळशानें काढलें. अठरा मुलांना जन्म दिलेली, त्यांतील बहुतेक गेलेलीं पाहिलेली, त्रेसष्ट वर्षांची ती माउली. कपाळावर सुरकुत्या, गालफडें बसलेलीं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि नजर कोठें तरी दूर. त्यानंतर सुमारें दोन महिन्यांनीं ती वारली. मुलानें तिला एका रेघेनेंही तरुण केलें नाहीं, म्हणूनच तें चित्र पाहतांना आपणांस स्वतःची आई आठवते.

दुसरें उदाहरण विशेषतः आमच्या वाचक भगिनींसाठीं. इटलींतील क्रेमोना गांवीं सोळाव्या शतकांत सोफोनिस्बा आंग्विसोला नांवाची मुलगी होऊन गेली. सहा बहिणी व एक भाऊ अशीं तीं भावंडें. वडिलांनीं तिला व तिच्या एका बहिणीला चित्रकाराकडे रीतसर शिकावयास ठेविलें, ही त्या काळीं असामान्य गोष्ट होती. शरीररचनेचा अभ्यास करण्याची पुरुषांस असलेली मोकळीक स्त्रियांस नसे; तेव्हां तिनें घरचींच माणसें काढलीं. १५५५ सालच्या तिच्या एका चित्रांत तिच्या तीन बहिणी बुद्धिबळें खेळत आहेत. एकीनें डाव जिंकला आहे, दुसरी हात उचलून कांहीं म्हणत आहे, धाकटी खुदकन हंसत आहे, आणि घरची म्हातारी मोलकरीण मागून पाहत आहे. तिनें काढलेली हंसणारी मुलगी पाहून खुद्द मायकेलअँजेलोनें रडणारा मुलगा काढणें अधिक कठीण आहे असें सुचविलें. तेव्हां तिनें नांगीच्या प्राण्यानें बोट धरल्यामुळें कळवळणारा आपला धाकटा भाऊ काढून पाठविला. पुढें १५५९ सालीं ती स्पेनच्या दरबारीं गेली व तेथील राणीस चित्रकला शिकवूं लागली. हें सारें ज्या घरांत सुरू झालें तें माणसांनीं भरलेलें घर होतें. आपल्या एकत्र कुटुंबांत ह्या गोष्टीची तरी वाण नाहीं.

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों. सात वर्षांच्या आंतील मुलांस नुसतें चित्र पाहूं द्यावें, आणि तीनच प्रश्न विचारावे: हा कोणाकडे पाहतो आहे? उजेड कोणत्या बाजूनें येतो? आतां हा काय बोलेल? चित्रकारांचीं नांवें घोकून घेऊं नयेत. एका बैठकींत एकच चित्र पुरे.

सात वर्षांनंतर आरसा आणि एक दोरा द्यावा. बहुतेक मुलें डोळे कपाळांत काढतात. त्यांस दोऱ्यानें मोजावयास सांगावें: डोक्याच्या माथ्यापासून डोळ्यांपर्यंत किती व डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत किती? दोन्ही अंतरें जवळजवळ सारखीं भरतात, हा शोध त्यांचा त्यांस लागूं द्यावा. दोन डोळ्यांच्या मध्यें सुमारें एका डोळ्याएवढी जागा असते. कान साधारणतः भुंवईपासून नाकाच्या तळापर्यंत असतो. पाळण्यांतील बाळाचे डोळे मात्र निम्म्याच्याही खालीं असतात. घरांत तान्हें मूल असल्यास हें दाखवावें. जुने इटालियन चित्रकार कपाळ, नाक, आणि नाकाखालून हनुवटी असे चेहऱ्याचे तीन सारखे भाग मानीत. तेंही मोजून पाहावें आणि कोणाचें कपाळ ह्या नियमास मानीत नाहीं तें शोधावें! नियम कळल्यावर तो मोडणारा चेहरा दिसूं लागतो, आणि तोच खरा चेहरा.

समोर बसणारें माणूस शांत बसणारें असावें. तांदूळ निवडणारी आजी किंवा वर्तमानपत्र वाचणारे काका ह्यांसारखीं माणसें उत्तम. त्यांस खिडकीशीं, एका बाजूनें उजेड येईल असें बसवावें. संध्याकाळच्या अगर अभ्राच्छादित दिवसाच्या मंद उजेडांत चेहरे अधिक कोमल दिसतात, असें लिओनार्दोनें आपल्या टिपणांत लिहून ठेविलें आहे. साधी शिसपेन्सिल व साधा कागद पुरे. खोडरबर देऊं नये. चुकलेली रेघ राहूं द्यावी, शेजारीं दुसरी काढावी. तेरा वर्षांच्या ड्यूररला जें पुसतां येत नव्हतें, तें आपल्या मुलासही न पुसतां चालेल.

वडील माणसांसाठीं पथ्यें थोडीं, पण कडक आहेत. मुलाच्या कागदास आपला हात लावूं नये. ‘नाक चुकलें’ असें म्हणूं नये. ‘आजीचें नाक पुन्हां एकदां पाहा’ असें म्हणावें. दोन भावंडांचीं चित्रें शेजारीं ठेवून तुलना करूं नये. आणि समोर बसणाऱ्यानें ‘मला जरा गोरी काढ’, ‘केस काळे कर’ असली भीड घालूं नये. कारण त्या एका वाक्यानें मूल खोटें पाहावयास शिकतें.

परक्यांचीं चित्रें कशासाठीं, आपलें अजिंठा नाहीं का, असें कोणी विचारील. अजिंठा अवश्य दाखवावें. रेषेचें तें सौंदर्य दुसरीकडे मिळणार नाहीं. परंतु विशिष्ट माणसाचा विशिष्ट चेहरा हा धडा त्या इटालियन आणि जर्मन चित्रांत फार ठळक आहे. शिवाय ती रीत आपणांस अगदींच परकी राहिलेली नाहीं. १८५७ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतून युरोपीय पद्धतीचें रेखन आपल्याकडे रुजलें. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) तेथेंच शिकले व तेथेंच अध्यापक झाले. मुंबईस जाणें घडल्यास छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेलीं युरोपीय चित्रें मुलांस प्रत्यक्ष पाहतां येतील.

आतां राहिलेली हकीकत. तो कपाटांतला कागद आम्हीं काढून पुतण्याच्या हातीं दिला, व झाल्या गोष्टीबद्दल त्याची क्षमा मागितली. लहान मुलाची क्षमा मागणें वाटतें तितकें सोपें नाहीं. त्यानें कागद नेऊन सरळ आजोबांच्या मांडीवर ठेविला. त्यांनीं तो बराच वेळ पाहिला. आम्ही दाराशीं उभे होतों. मनांत धास्ती होती. शेवटीं जड जिभेनें ते म्हणाले, ‘चष्मा राहिला.’ दुसऱ्या दिवशीं दुपारीं चष्मा लावून, डोक्यावर टोपी घालून ते आपण होऊन खिडकीशीं जाऊन बसले. पुढें कित्येक दुपारीं हा क्रम चालला, आणि आजारानंतर प्रथमच ते कोणापुढें तोंड न फिरवितां बसूं लागले.

पुढच्या वर्षीं ते गेले. बैठकींत त्यांचें मोठें छायाचित्र आहे. तें पंचवीस वर्षांपूर्वींचें, कोट घातलेलें, भारदस्त. पाहुणे त्यालाच नमस्कार करतात. घरांतील मुलें मात्र आजोबांची आठवण निघाली कीं कपाटाकडे जातात व ती पेन्सिलीच्या चित्रांची चवड काढून बसतात. त्यांतल्या पहिल्या कागदावर आम्हीं ओढतांना पडलेली चुणी आहे. ती आम्हीं मुद्दामच तशी ठेविली आहे.