विखुरलेल्या कागदांतून मुलाची ओळख

वारजे हें मुठेच्या कांठचें एके काळचें गांव. आज तो पुणें शहराचाच एक दाट वस्तीचा भाग आहे. तेथील एखाद्या घरांतील पांच वर्षांची मुलगी डोळ्यांपुढें आणावी. तिच्या हृदयांत जन्मतः छिद्र आहे, मधूनमधून तिला फेफरें येतें, आणि घास गिळवत नसल्यामुळें नळीनें अन्न द्यावें लागतें. हृदयाचे तज्ज्ञ एका रुग्णालयांत, मेंदूचे दुसऱ्यांत. प्रत्येक ठिकाणीं निराळा केसपेपर, आणि ते सारे एका पिशवींत वागविणारी तिची आई. प्रत्येक डॉक्टर आपापला अवयव पाहतो. सबंध मूल त्या पिशवीवांचून कोणासच दिसत नाहीं. एके रात्रीं पिशवी घरीं विसरली, तर नव्या डॉक्टरास चालू औषधें कशीं कळावींत?

ही उणीव संगणकावरील आरोग्यनोंदी पुष्कळशी भरून काढूं शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत प्रत्येक रोगास एक सांकेतिक खूण आहे. नोंदींत त्या खुणा असल्या, म्हणजे संगणकास नियम सांगतां येतो. अमेरिकेंतील संशोधकांनीं २००० सालीं असा एक नियम मांडला: जो विकार निदान १२ महिने टिकेल, आणि अनेक इंद्रियसंस्थांस, किंवा एकीसच पण तीव्रपणें, ग्रासून तज्ज्ञांची व बहुधा रुग्णालयाची गरज लावील, तो गुंतागुंतीचा दीर्घ विकार. वारंवार सर्दीखोकला होणारें मूल त्यांत येत नाहीं. वरील मुलगी येते.

परंतु नोंदी जुळल्या तरच हें साधेल. त्याकरितां भारतांत २७ सप्टेंबर २०२१ रोजीं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालें. त्यांतील १४ अंकी ‘आभा’ क्रमांक म्हणजे जणूं त्या पिशवीचा दोरा. कागद ज्या त्या रुग्णालयांतच राहतात. संमतीनें ते एकत्र पाहतां येतात.

तथापि, जें मूल रुग्णालयाची पायरीच चढलें नाहीं, तें कोणत्याही यंत्रास सांपडणार नाहीं. त्याच्या शोधार्थ माणसानेंच जावें लागतें. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं महाराष्ट्रांतील पालघर येथूनच सुरू झाला. त्याच्या योजनेप्रमाणें फिरतीं पथकें अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व शाळांत एकदां मुलें तपासतात.

यादी कोणाच्या हातीं पडते, हाही प्रश्न लहान नाहीं. आजाराच्या खुणेनें मुलास शाळेचें दार बंद होतां कामा नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें मुलांच्या माहितीसाठीं पालकांची पडताळलेली संमति आवश्यक मानली आहे, ती याच जाणिवेनें.

शेवटीं यादी म्हणजे उपचार नव्हे. नांव सांपडल्यावर एखाद्या परिचारिकेनें दूरध्वनि करून तपासण्यांचे दिवस जुळवून दिले, आणि आईचे चार हेलपाटे एकावर आले, तरच त्या नोंदीचें सार्थक झालें.