समोरच्या माणसाचा पडदा

बुलढाणा तालुक्यात पैनगंगेच्या काठी वसलेल्या देऊळघाटासारख्या गावात, जिथे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा बाजारात सारख्याच सहजतेने कानी पडतात आणि जिथल्या शेतकऱ्याचे वर्ष सोयाबीन, कापूस आणि तूर यांच्या हंगामांनी मोजले जाते, तिथेही अलीकडच्या काळात सामान्य माणसाचा सरकारदरबाराशी येणारा संबंध तलाठ्याच्या दप्तरापेक्षा संगणकाच्या पडद्यामार्फतच अधिक येऊ लागला आहे. सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा वा जातीचा दाखला, खरिपाच्या पीकविम्याचा अर्ज, आधारातील पत्त्याची दुरुस्ती, अशी नाना कामे आता सेवा केंद्रातल्या एका मेजावर उरकली जातात. त्या मेजाच्या एका अंगास ऑपरेटर बसतो आणि त्याच्यापुढे पडदा असतो. दुसऱ्या अंगास अर्जदार उभा असतो आणि त्याच्यापुढे बहुधा त्या पडद्याची पाठ असते. ज्याचे नाव, ज्याची जन्मतारीख, ज्याची जमीन त्या क्षणी लिहिली जात आहे, त्यालाच नेमके काय लिहिले जात आहे ते दिसू नये, ही विसंगती लहानशी वाटली तरी तिचे परिणाम लहान नाहीत.

आधार नोंदणीच्या व्यवस्थेत या उणिवेचा विचार सुदैवाने झालेला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी ज्या योजनेचा देशात प्रारंभ झाला, तिच्या नोंदणी केंद्रांसाठी जी साधनसामग्री नेमून देण्यात आली, तीत बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळांची प्रतिमा घेणारे यंत्र आणि कॅमेरा यांच्या जोडीला आणखी एक पडदा आहे, आणि तो नागरिकाकडे तोंड करून ठेवावयाचा आहे, अशासाठी की ऑपरेटर जे टंकित करतो ते त्याच वेळी नागरिकाने वाचावे आणि चूक असेल तर तिथल्या तिथे सांगावी. या तजविजीचे मोल आपल्या वऱ्हाडातल्या आडनावांवरूनच ध्यानी येईल. ऑपरेटर नाव रोमन लिपीत लिहितो, संगणक त्याचे देवनागरी रूप आपण होऊन सिद्ध करतो, आणि रोमन लिपीला ‘ळ’ ठाऊक नसल्यामुळे इंगळ्यांचे इंगले आणि काळ्यांचे काले होण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही. पुढे बँकेत, शाळेत, पीकविम्यात आधारावरचे नाव आणि तिथल्या कागदांवरचे नाव एकमेकांशी जुळेनासे होते. नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते असा आधारचा सर्वसाधारण नियम असल्यामुळे, दुसऱ्या पडद्यावर पाच मिनिटांत टळणारी चूक पुढे वर्षानुवर्षे माणसाचा पिच्छा पुरवते. म्हणून हा दुसरा पडदा मी शोभेची वस्तू मानीत नाही. तो नागरिकाच्या हक्काचा भाग आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हा पडदा लॅपटॉपला जोडावयाचा कसा, हा प्रश्न येतो. पडद्यासाठी म्हणून जी खास खाच असते, जुन्या यंत्रांत व्हीजीए आणि नव्यांत एचडीएमआय, ती लॅपटॉपला बहुधा एकच असते, काही नव्या यंत्रांना तर तीही नसते, आणि जिथे ती प्रोजेक्टरसाठी गुंतलेली वा वापरून निकामी झालेली असते तिथे यूएसबी हाच सोयीचा मार्ग उरतो. एकाच केबलीतून चित्र आणि वीज दोन्ही घेणारे, पिशवीत घालून नेता येण्याजोगे हलके पडदे बाजारात मिळतात, आणि गावोगाव शिबिरे भरविणाऱ्यांना ते साहजिकच आवडतात. परंतु या सोयीच्या पोटात एक अट दडलेली आहे. नेहमीच्या खाचेला जोडलेला पडदा संगणकातील चित्रांकन करणाऱ्या भागाशी थेट जोडलेला असतो, म्हणून केबल लावली की चित्र उमटते. यूएसबीची खाच मात्र मूलतः चित्र वाहून नेण्यासाठी निर्मिलेली नाही, तेव्हा तिथे चित्र उमटवावयाचे तर मध्ये एक स्वतंत्र आज्ञावली, जिला सर्वजण ड्रायव्हर म्हणतात, असावीच लागते.

हे का, ते साध्या गुणाकाराने कळते. १९२० गुणिले १०८० मापाच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात. आणि चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने मांडले जाते. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट इतका मजकूर वाहून न्यावा लागेल. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची क्षमता, तीही कागदोपत्री, सेकंदाला ४८ कोटी बिटांची. म्हणजे सहापट ओझे. २००८ साली यूएसबी ३.० आले आणि ती मर्यादा ५०० कोटींवर गेली खरी, पण त्याच वाटेवर ठसे घेणारे यंत्र, कॅमेरा आणि प्रिंटर यांचीही ये-जा असते, आणि नाममात्र क्षमता पुरतेपणी कधीच हाती येत नाही. ही अडचण इंग्लंडमधील केंब्रिज येथे २००३ साली स्थापन झालेल्या एका लहानशा कंपनीने सोडविली. तिचे मूळचे नाव न्यूनम रिसर्च, पुढे झाले डिस्प्लेलिंक, आणि २०२० साली ती सिनॅप्टिक्स या अमेरिकी कंपनीच्या मालकीची झाली. तिची युक्ती तलाठ्याच्या कामासारखी आहे: तलाठी प्रत्येक खरेदीखतानंतर गावचे सबंध दप्तर नव्याने लिहीत बसत नाही, तो फक्त फेरफाराची नोंद घेतो. संगणकात बसलेला ड्रायव्हर पडद्याचे सबंध चित्र एकदा पाठवितो आणि त्यानंतर जेवढा भाग बदलला असेल तेवढाच निवडून, आणखी संक्षिप्त करून, यूएसबीच्या वाटेने धाडतो. पडद्यात किंवा जोडपेटीत बसविलेली चिप तो संक्षेप उलगडून चित्र पुन्हा उभे करते. अर्जाचा नमुना भरताना पडद्यावर बदलते ते काय, तर एक अक्षर आणि लुकलुकणारी खूण. म्हणून अशा कामास जुने यूएसबीही पुरते, पण त्याच पडद्यावर चित्रफीत लावली की ती अडखळू लागते, आणि हा सारा संक्षेप मुख्य प्रोसेसरलाच करावा लागत असल्यामुळे दुबळा लॅपटॉप त्या वेळी आणखी मंदावतो.

पडदा आहे म्हणून अक्षर दिसेल असे नाही, त्याच्यामागे योग्य आज्ञावली हवी, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक विजय भटकर हे आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. परम महासंगणकासाठी त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्याच संस्थेने कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेऊन, इंग्रजीखेरीज काहीही न दाखविणाऱ्या त्या काळच्या संगणकांच्या पडद्यांवर देवनागरी उमटवणारे कार्ड कचेऱ्यांच्या हाती दिले, ही कामगिरी सामान्य माणसाच्या दृष्टीने मला तितकीच मोठी वाटते.

ड्रायव्हर एकदा बसविला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. तो ज्या प्रणालीवर बसतो ती विंडोज असो, मॅकओएस असो की लिनक्स, तिचे अंतरंग सतत बदलत असते, आणि पडद्यासारख्या नाजूक भागात बदल झाला की जुना ड्रायव्हर एकाएकी परका ठरतो. २०१८ साली ॲपलच्या संगणकांवर मॅकओएस १०.१३.४ ही सुधारणा आली आणि डिस्प्लेलिंकवर चालणारे जगभरचे पडदे काळे पडले. त्यांत ना पडद्याचा दोष होता ना केबलीचा. विंडोजवर २०१६ च्या ऑगस्टातील सुधारणेनंतर अशा पडद्यांसाठी प्रणालीतच अधिकृत वाट करून देण्यात आली, आणि तेव्हापासून तिकडचा त्रास पुष्कळ कमी झाला. लिनक्समध्ये कर्नल बदलला की ड्रायव्हरचा एक भाग त्या नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावा लागतो. जुन्या प्रणालीवर तसेच बसून राहणे हाही उपाय नव्हे: विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि ज्या मेजावर लोकांचे ठसे घेतले जातात तिथे संरक्षण संपलेली प्रणाली चालविणे हे माझ्या मते सर्वथा अयोग्य आहे.

पडदा उमटेनासा झाला की प्रथम ड्रायव्हरवर हात घालण्याची घाई करू नये. आधी केबल आणि खाच बदलून पाहावी. यूएसबी २.० ची खाच ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट, आणि ३.० ची ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट इतकीच वीज देते. ठशांचे यंत्र, बुबुळांचे यंत्र आणि पडदा ही तिन्ही एकाच स्वस्त हबला लावली की पडदा क्षणभर उजळतो आणि विझतो, आणि अनेक ठिकाणी नाहक ड्रायव्हरला दोष दिला जातो. पडदा थेट लॅपटॉपला लावून पाहिल्यास खरे काय ते उघड होते.

तेवढ्याने भागले नाही तर पडद्याची जात ओळखावी, आणि हीच या सर्व खटाटोपातली कळीची पायरी आहे. यूएसबी-सी या अंडाकार खाचेला जोडले जाणारे पुष्कळसे नवे पडदे नावाने यूएसबीचे असले तरी त्यांत चित्र थेट चित्रांकनाच्या भागाकडूनच येते. त्यांना असा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि तो बसवूनही काही साधत नाही. उलट, जुन्या चौकोनी खाचेला लागणारा पडदा असेल तर ड्रायव्हर हवाच. तो कोणाचा, हे विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळते. जिच्यावर पिवळे उद्गारचिन्ह दिसते अशी नोंद उघडून, तपशिलाच्या पानावर हार्डवेअर आयडी पाहावा. त्यात व्हीआयडी या अक्षरांपुढे १७ई९ हे चिन्ह, रोमन अक्षर आणि आकड्यांत, दिसले तर चिप डिस्प्लेलिंकची आहे. सिलिकॉन मोशन किंवा मॅजिक कंट्रोल यांच्या चिपा असलेल्या वस्तूंना डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर चालत नाही, आणि त्यांतल्या काही वस्तू तर आपला ड्रायव्हर स्वतःच्याच पोटात बाळगतात, जोडल्याबरोबर सीडीसारखी एक खूण उघडते आणि तीतून तो बसविता येतो.

जात कळल्यावर नवा ड्रायव्हर घ्यावयाचा तो विंडोज अपडेटमधून, नाहीतर पडदा किंवा चिप बनविणाऱ्या कंपनीकडूनच. शोधात सर्वांत वर झळकणारे, ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकने नवे करा’ असे आश्वासन देणारे फुकट कार्यक्रम कटाक्षाने टाळावेत, कारण ड्रायव्हरला प्रणालीच्या अंतर्भागात प्रवेश असतो, आणि अनोळखी इसमास दप्तरखान्याची किल्ली कोणी देत नाही. बसविण्यापूर्वी रिस्टोअर पॉइंट करून ठेवावा, जुना ड्रायव्हर नीट काढावा, पडद्याची केबल सोडवून ठेवावी, नवा बसवून संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच केबल लावावी. बिघडलेच तर करून ठेवलेला रिस्टोअर पॉइंट आहेच. त्याने आधीची आवृत्ती परत येते. पडदा लागला पण दोन्हीकडे वेगळेच चित्र दिसते, अशी तक्रार पुष्कळदा येते. त्यात बिघाड काही नसतो, विंडोजची खूण आणि पी ही कळ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडले की ऑपरेटरला जे दिसते तेच अर्जदाराला दिसू लागते. मॅकवर डिस्प्लेलिंकच्या कार्यक्रमाला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, ती न दिल्यास सर्व काही बसवूनही पडदा कोराच राहतो.

आणि वेळ निवडावी. पीकविम्याची मुदत संपत आलेली, बाहेर ओट्यावर रांग लागलेली, अशा दिवशी सकाळी ‘अपडेट उपलब्ध आहे’ ही सूचना स्वीकारणे म्हणजे साऱ्या गावाचा खोळंबा ओढवून घेणे होय. मुदतीच्या आठवड्यात विंडोज अपडेट थांबवून ठेवण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा; आणि गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळी, वीज आणि इंटरनेट दोन्ही स्थिर असताना, हे काम उरकावे. थांबवून ठेवलेले काम विसरून मात्र जाऊ नये.

हे सारे ऑपरेटरच्या कर्तव्याचे झाले. पण तो बहुधा दाखल्यागणिक मिळणाऱ्या थोड्या मोबदल्यावर हे काम करणारा तरुण असतो, आणि दुसरा पडदा बंद असला तरी त्याचे काम अडत नाही, अडते ते अर्जदाराचे. म्हणून माझी विनंती दोघांना आहे. देऊळघाटच्या आणि कुठल्याही गावच्या अर्जदाराने, पावतीवर सही वा अंगठा करण्यापूर्वी, आपल्या नावाची देवनागरी आणि रोमन अशी दोन्ही रूपे, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख आपल्यासमोर पडद्यावर दाखविण्यास सांगावे, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगावे. आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने ठशांच्या यंत्राबरोबरच अर्जदाराकडचा पडदा चालू आहे की नाही, हेही स्वतः खुर्चीच्या त्या बाजूला उभे राहून पाहावे.