संदर्भ जनुक
संदर्भ जनुक म्हणजे जनुक-अभिव्यक्तीचे मापन करताना तुलनेचा आधार म्हणून वापरले जाणारे आणि प्रयोगातील सर्व नमुन्यांत जवळजवळ समान पातळीवर व्यक्त होणारे जनुक होय. त्याचा वापर प्रामुख्याने रिअल-टाइम पीसीआर तंत्रात होतो. कोणतेही जनुक सर्व ऊतींत व सर्व परिस्थितींत स्थिर नसते. त्यामुळे संदर्भ जनुकाची स्थिरता प्रत्येक प्रयोगासाठी पडताळून पाहावी लागते.

आवश्यकता
भात हे ठाणे जिल्ह्यातील कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांचे प्रमुख खरीप पीक आहे. पाण्याच्या ताणामुळे भाताच्या रोपातील एखादे जनुक अधिक सक्रिय होते का, हे पाहायचे असल्यास ताण दिलेल्या व न दिलेल्या रोपांतून आरएनए वेगळा करून त्यापासून पूरक डीएनए तयार करतात. या टप्प्यांत ऊतींचे प्रमाण, आरएनएची गुणवत्ता आणि विकरांची कार्यक्षमता नमुन्यागणिक बदलते. त्याच नमुन्यातील संदर्भ जनुकावरही हेच परिणाम होत असल्याने त्याच्याशी तुलना करून हा फरक वजा करता येतो. या प्रक्रियेस सामान्यीकरण म्हणतात.

गणन
पीसीआरच्या प्रत्येक आवर्तनात डीएनएचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. संकेत ठरावीक मर्यादा ओलांडतो त्या आवर्तनाच्या क्रमांकास सीटी मूल्य म्हणतात; ते जितके कमी, तितके मूळ प्रमाण अधिक. समजा, ताणामुळे अभ्यासाधीन जनुकाचे सीटी मूल्य २५ वरून २३ झाले आणि संदर्भ जनुकाचे १८ वरच राहिले, तर अभिव्यक्ती चौपट झाली असे ठरते. परंतु ताणामुळे संदर्भ जनुकाचीच अभिव्यक्ती वाढून त्याचे मूल्य १६ वर आले, तर खरी चौपट वाढ गणितात पूर्णपणे नाहीशी होते. तुलनेची ही पद्धत लिव्हाक व श्मिटगेन यांनी २००१ मध्ये मांडली.

निवड
पेशींच्या मूलभूत कार्यांसाठी सतत लागणारी, 'हाउसकीपिंग' म्हणून ओळखली जाणारी जनुके पूर्वी स्थिर मानली जात. उदाहरणार्थ, ग्लुकोजच्या विघटनात भाग घेणारे जीएपीडीएच आणि पेशीचा सांगाडा घडवणारे बीटा-ॲक्टिन. प्रत्यक्षात ऑक्सिजनच्या कमतरतेत जीएपीडीएचची अभिव्यक्ती वाढू शकते. म्हणून भिन्न कार्यांची अनेक उमेदवार जनुके सर्व नमुन्यांत मोजून त्यांतील स्थिर जनुके निवडतात. त्यासाठी जीनॉर्म (२००२), नॉर्मफाइंडर (२००४) आणि बेस्टकीपर (२००४) या संगणकीय पद्धती वापरल्या जातात. एकाऐवजी दोन किंवा अधिक जनुकांचा भूमितीय मध्य घेणे अधिक विश्वसनीय ठरते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवडीचे समर्थन देणे अपेक्षित असते.

भाताबाबत मुकेश जैन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दहा जनुकांची तुलना केली. विविध ऊतींत युबिक्विटिन-५ आणि प्रसरण घटक-१ अल्फा यांची जनुके सर्वाधिक स्थिर आढळली. भिन्न पर्यावरणीय परिस्थितीत वाढवलेल्या रोपांत मात्र १८एस व २५एस रायबोसोमल आरएनए अधिक स्थिर ठरले. एकाच पिकातही प्रश्न बदलला की योग्य संदर्भ बदलतो, हे यातून दिसते.

कोविड चाचणीतील अंतर्गत नियंत्रण
२०२०-२१ मध्ये ठाणे, कल्याण-डोंबिवलीसह महाराष्ट्रभर आरटी-पीसीआर चाचणीमुळे सीटी मूल्य ही संज्ञा परिचित झाली. या चाचण्यांत विषाणूच्या जनुकांबरोबर आरनेझ पी यासारखे मानवी जनुकही तपासले जाते. घशातून वा नाकातून घेतलेल्या नमुन्यात मानवी पेशी आल्या आणि आरएनए नीट वेगळा झाला, याची त्यातून खात्री होते. मानवी व विषाणूचे, दोन्ही संकेत न आल्यास 'निगेटिव्ह' न म्हणता चाचणी अवैध ठरवून ती पुन्हा केली जाते.

हे नियंत्रण व सामान्यीकरण यांत फरक आहे. नेहमीच्या अहवालातील विषाणूचे सीटी मूल्य मानवी जनुकाच्या तुलनेत दुरुस्त केलेले नसते. ते नमुना कसा व केव्हा घेतला यावरही अवलंबून असल्याने दोन रुग्णांची मूल्ये थेट तुलनीय नसतात. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या विचारणेवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा ३५ वरून २४ पर्यंत खाली आणणे योग्य नसल्याचे कळवले. तसे केल्यास अनेक बाधित व्यक्ती निदानातून निसटल्या असत्या.