जुनी गाडी जपा, पण शटर उघडून

डिसेंबरातल्या एका सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ अपघात विभागात आले. डोके ठणकत होते, मळमळत होते, चालताना तोल जात होता. बोटाच्या ऑक्सिमीटरवर मात्र आकडा ९८! सोबत आलेल्या पत्नी म्हणाल्या, "घरी सासूबाईंनाही गरगरतंय." एकाच घरात, एकाच वेळी दोघांना त्रास, म्हणून विचारले, "सकाळी काही पेटवलं होतं का?" उत्तर आले, "नाही. वडिलांची पद्मिनी तेवढी चालू ठेवली होती. बाहेर गार वारा, म्हणून शटर अर्धं खाली ओढलं होतं."

ही कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होती. आजींची खोली गॅरेजला लागूनच. त्यांनाही तातडीने बोलावून घेतले. दोघांना मास्कने प्राणवायू दिला. आजींना हृदयविकार असल्याने दोन दिवस ठेवून घ्यावे लागले.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो आणि शरीर मात्र गुदमरत असते. साध्या हवेत रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे दीड तास.

"पण डॉक्टर, गाडीची पीयूसी आहे!" गृहस्थांचा हा प्रश्न रास्त होता. पीयूसीत जुन्या पेट्रोल मोटारींना धुरात ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे, बीएस-४ पासूनच्या मोटारींना ०.३ टक्का. म्हणजे दहापट फरक. खोलीच्या हवेत हा वायू ०.१ टक्का झाला, तरी तासाभरात माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यातच थंड इंजिन चोक ओढून चालवले, की पेट्रोल अर्धवट जळते आणि हा वायू आणखी वाढतो. पीयूसी रस्त्यासाठी असते, बंद गॅरेजसाठी नव्हे.

मग जुनी गाडी भंगारात काढायची का? मुळीच नाही. दिल्लीतला पंधरा वर्षांचा नियम आपल्याकडे लागू नाही. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरावा लागतो, बीएस-४ पूर्वीच्या गाडीची पीयूसी दर सहा महिन्यांनी करावी लागते. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणी आहे, मात्र ती गाडी रोजच्या वापरासाठी नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी फिरणारी पद्मिनी शहराची हवा फारशी बिघडवत नाही. रोज धूर ओकत धावणाऱ्या, देखभाल नसलेल्या गाड्या बिघडवतात. छंदाच्या गाडीचा पहिला धोका तिच्या मालकाला आणि त्याच्या घराला आहे.

म्हणून एवढे पाळा:

• गाडी अंगणात किंवा रस्त्यावर काढूनच चालू ठेवा. अर्धे शटर म्हणजे बंद शटरच.
• कार्बोरेटर, प्लग, एअर फिल्टर वेळेवर तपासा. सायलेन्सर गळत असेल तर आधी दुरुस्त करा.
• गाडीजवळ डोके जड झाले, की इंजिन बंद करून मोकळ्या हवेत या. घरातल्यांनाही बाहेर काढा आणि दवाखान्यात गाडीचा उल्लेख आवर्जून करा.

नवी गाडीही बंद जागेत चालू ठेवू नका. इंजिन थंड असताना तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही.

ते गृहस्थ नंतर तपासणीला आले, ते पद्मिनी घेऊनच. म्हणाले, "आता आधी ढकलून बाहेर काढतो, मग चावी फिरवतो." गाडी ढकलण्याचा व्यायामही वाईट नाही!