विजेच्या मोटारींचीं चार्जिंग स्टेशनें : जागेचा प्रश्न

पेट्रोलचा पंप कोठें असावा, ही चिंता शहरांतल्या गृहस्थाला सहसा कधीं करावी लागली नाहीं. पेट्रोल हें उघडउघड ज्वालाग्राही द्रव्य. त्याच्या सांठ्याला परवाना लागतो, त्याच्या टाकीभोंवतीं किती जागा मोकळी ठेवावी हें सरकार ठरवितें, आणि पंप बहुधा हमरस्त्यालगत, घरांपासून कांहींसा अलग असतो. विजेच्या मोटारीनें ही सोय मोडून टाकली आहे. तिला लागणारी वीज नळाच्या पाण्यासारखी घरोघर आधींच येऊन पोंचलेली आहे. त्यामुळें ती मोटारींत भरून घेण्याची जागा सोसायटीच्या वाहनतळांत, बाजाराच्या तळघरांत, कचेरीच्या आवारांत किंवा रस्त्याच्या कडेला, कोठेंहि होऊं शकते. आणि कोठेंहि होऊं शकते म्हणूनच ती नेमकी कोठें असावी हा प्रश्न आतां पंपवाल्याचा न राहतां सोसायटीच्या सभेचा, नगरपालिकेचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा झाला आहे.

तसें पाहिलें तर विजेवर चालणारें वाहन मुंबईला नवें नाहीं. ७ मे १९०७ रोजीं त्या शहरांत विजेची ट्राम सुरू झाली आणि १९६४ सालापर्यंत ती धांवत होती. परंतु ट्राम डोक्यावरच्या तारेंतून वीज घेई आणि लागेल तेवढीच घेई. प्रवाह बंद पडला कीं ती जागच्या जागीं उभी राही. आजची मोटार वीज पोटांत सांठवून बरोबर घेऊन हिंडते. मध्यम आकाराच्या मोटारीच्या बॅटरींत तीस ते पन्नास युनिट वीज मावते. बेताच्या राहणीच्या एखाद्या कुटुंबाला एवढी वीज आठवडाभर सहज पुरेल. म्हणजे चार्जिंग स्टेशनावर दोन निराळ्या गोष्टी एकत्र येतात : वाहती वीज आणि सांठलेली वीज. लोकांना भीति वाटते ती बहुधा पहिलीची. दुसरीचा विचार फारसा कोणी करीत नाहीं, आणि जागेचा प्रश्न मुख्यतः तिच्याशींच निगडित आहे.

वाहत्या विजेचा धोका मनुष्याला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे व त्याचा बंदोबस्तहि बराच पक्का झालेला आहे. चार्जिंग यंत्राची जाड केबल हातांत घेतांना नवशिक्याचा हात कांपतो. पण प्लग मोटारीच्या खांचेंत नीट बसेपर्यंत त्या केबलमध्यें मुख्य प्रवाह सोडलाच जात नाहीं. प्लग बसला म्हणजे यंत्र आणि मोटार यांच्यांत सूक्ष्म विद्युत्-संकेतांची देवघेव होते. अर्थिंग शाबूत आहे कीं नाहीं, मोटारीला किती प्रवाह सोसेल, याची खात्री पटल्यावरच प्रवाह वाहूं लागतो. आणि कोणी मध्येंच प्लग सोडवूं लागला तर आधीं प्रवाह तुटतो, मग प्लग निघतो. यंत्र धड असेल तर पावसांत मोटार चार्ज करणें हें वाटतें तितकें भयंकर नाहीं तें यामुळेंच. भिंतींतल्या साध्या सॉकेटला मात्र ही बुद्धि नसते. दुचाकी वाहनें पुष्कळदां अशाच सॉकेटावर चार्ज होतात, ही गोष्ट विसरतां कामा नये.

केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें २०१९ सालीं आपल्या सुरक्षा-नियमांत चार्जिंग स्टेशनांविषयीं नवीं कलमें घातलीं. तीं वाचण्यासारखीं आहेत. विजेची गळती ३० मिलिअँपियरपर्यंत पोंचतांच प्रवाह आपोआप तोडणारें उपकरण प्रत्येक चार्जिंग-जागेला असलें पाहिजे. कारण याहून फारसा अधिक प्रवाह शरीरांतून वाहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो. सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच हवें. जोडवायर, म्हणजे बोलीभाषेंतला ‘एक्स्टेन्शन बोर्ड’, मुळींच वापरावयाचा नाहीं. मोटार अशा रीतीनें उभी राहिली पाहिजे कीं तिची खांच यंत्रापासून ५ मीटरांच्या आंत येईल. यांतील पहिलें कलम यंत्राविषयीं आहे. बाकीचीं तिन्ही खरें पाहतां जागेविषयीं आहेत. यंत्र एका कोपऱ्यांत आणि मोटार दुसऱ्या कोपऱ्यांत अशी मांडणी झाली कीं जोडवायर येणारच. तिसऱ्या मजल्याच्या खिडकींतून खालीं लोंबणारी वायर पाहून सोसायटीचे चिटणीस रागावतात. पण खालीं योग्य ठिकाणीं चार्जिंगची सोय करून देण्यास नकार देणारी समिति हीच त्या वायरीची खरी जननी असते.

आतां सांठलेल्या विजेकडे वळूं. लिथियमची बॅटरी म्हणजे शेंकडों, कधीं हजारों लहान सेलांची पेटी. एखादा सेल आंतल्या आंत बिघडला, चेंगरला, किंवा निकृष्ट चार्जरनें प्रमाणाबाहेर भरला गेला, तर तो तापूं लागतो; त्या उष्णतेनें आंतील रासायनिक क्रिया अधिक वेगानें चालते, तिनें आणखी उष्णता वाढते, आणि शेवटीं शेजारचा सेलहि पेट घेतो. ही सांखळी एकदां सुरू झाली कीं विजेचा खटका बंद करून थांबत नाहीं, कारण आतां तिला बाहेरच्या विजेची गरजच उरलेली नसते. लोह व फॉस्फेट यांवर आधारलेल्या बॅटऱ्या निकेलच्या बॅटऱ्यांपेक्षां या बाबतींत अधिक सोशिक असतात. परंतु त्याहि पेटतच नाहींत असें नाहीं. ज्वालांपेक्षांहि वाईट तो धूर. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन असतो आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखा दाहक वायुहि असतो. आग विझली असें वाटल्यावर कांहीं तासांनीं, प्रसंगीं कांहीं दिवसांनींहि, ती पुन्हां भडकल्याचीं उदाहरणें आहेत.

एवढ्यावरून विजेची मोटार म्हणजे चालतीबोलती आगपेटी, असें मात्र कोणीं समजूं नये. स्वीडनच्या सरकारी खात्यानें केलेल्या गणनेंत विजेच्या मोटारींना आग लागण्याचें प्रमाण इतर मोटारींच्या मानानें पुष्कळच कमी आढळलें आहे. आग क्वचित् लागते. पण लागली तर तिची जात निराळी असते, आणि ती कोणत्या जागीं लागते यावर पुढील सारें अवलंबून राहतें.

१२ सप्टेंबर २०२२ च्या रात्रीं सिकंदराबाद येथें एका इमारतीच्या खालच्या भागांत असलेल्या विजेच्या स्कूटरींच्या दुकानांत आग लागली. वरच्या मजल्यांवर उतारूंचें हॉटेल होतें. धूर जिन्याच्या वाटेनें वर चढला आणि जिना हीच खालीं येण्याची वाट असल्यामुळें माणसें कोंडलीं गेलीं. आठ जण मृत्यु पावले. त्याच महिन्यांत वसई येथें घरांत चार्जिंगला लावून ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक लहान मुलगा भाजला व पुढें दगावला. १ ऑगस्ट २०२४ रोजीं दक्षिण कोरियांतील इंचॉन येथें एका वसाहतीच्या तळघरांत उभ्या असलेल्या विजेच्या मोटारीनें पेट घेतला. आग आटोक्यांत आणण्यास आठ तास लागले, शंभराहून अधिक मोटारींची नासाडी झाली आणि वरच्या इमारतींतील कुटुंबांना दुसरीकडे आसरा घ्यावा लागला. ती मोटार त्या वेळीं चार्जिंगला लावलेलीच नव्हती, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. छतांतून पाणी शिंपडणारी योजना तेथें होती, पण ऐन वेळीं तिची झडप बंद करण्यांत आली होती.

या तिन्ही ठिकाणीं बॅटरी कां पेटली याचीं कारणें निरनिराळीं असतील. पण प्राणहानि किंवा वित्तहानि इतकी वाढली ती बॅटरी जिन्याखालीं, निजण्याच्या खोलींत किंवा बंदिस्त तळघरांत होती म्हणून. मोकळ्या पटांगणांत, दुसऱ्या वाहनांपासून थोड्या अंतरावर तीच बॅटरी पेटती तर एका वाहनाचें नुकसान होऊन गोष्ट संपण्याचा संभव मोठा होता. सोसायटीच्या आवारांत चार्जिंगची जागा ठरवितांना पहिली दृष्टि याकडेच गेली पाहिजे. उघड्यावर जागा असेल तर ती सर्वांत चांगली. तळमजल्यावर खांबांमध्यें असेल तर जिना, लिफ्ट व मीटरची खोली यांपासून दूर, आणि बाहेरच्या कडेला. तळघराशिवाय गत्यंतरच नसेल तर उताराच्या तोंडाजवळ, म्हणजे धूर बाहेर पडेल आणि पेटलेली मोटार ओढून काढतां येईल. मीटरची खोली जिन्याखालीं असते म्हणून वायरिंगचा खर्च वांचविण्यासाठीं चार्जरहि तेथेंच लावावा, असा ठराव पुष्कळ सभांतून बिनविरोध मंजूर होतो. वांचणारी वायर फार तर वीस-पंचवीस मीटर असते.

बॅटरी काढून वर घरांत नेतां येते अशा दुचाकींचा प्रश्न याहून नाजूक आहे. न्यूयॉर्क शहरांत २०२३ सालीं लिथियम बॅटऱ्यांमुळें २६८ आगी लागल्या आणि १८ माणसें दगावलीं. त्यांतील पुष्कळ बॅटऱ्या घरोघर जेवण पोंचविणाऱ्या कामगारांच्या सायकलींच्या होत्या, आणि त्या लहान लहान खोल्यांतून रात्रभर चार्ज होत असत. पुढच्या वर्षीं नगरपालिकेनें रस्त्यावर उघड्या जागीं बॅटरी चार्ज करण्याचीं कपाटें प्रयोगादाखल उभीं केलीं. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर असेच हजारों कामगार विजेच्या दुचाकींवरून हिंडत असतात. त्यांच्यांतील कित्येकांच्या खोलीला एकच खोली आणि एकच सॉकेट असतें. त्यांच्यासाठीं चौकाचौकांत सार्वजनिक सोय असणें ही चैन नव्हे. वर राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या जिवाचाहि तो प्रश्न आहे.

कोंकणपट्टींत आगीच्या जोडीला पाणीहि येतें. २६ जुलै २००५ या एका दिवशीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मोटारीच मोटारी पाण्याखालीं गेल्या. केबलची मूठ व यंत्राची पेटी पावसाच्या सरी सोसतील अशा बनविलेल्या असतात. पण सरी सोसणें निराळें आणि कमरेइतक्या पाण्यांत बुडणें निराळें. ज्या सखल भागांत दरवर्षीं पाणी तुंबतें तेथें यंत्र चौथऱ्यावर हवें, आणि चौथऱ्याची उंची मागील पुराची खूण पाहून ठरवावयास हवी. ८०० मिलिमीटरांचा नियम फरसबंदीपासून मोजला जातो. दादरच्या हिंदमाता चौकांतल्या पाण्याला तो ठाऊक नसतो. पुण्यांत मुठेच्या कांठच्या वाहनतळांविषयींहि हेंच म्हणावें लागेल.

पेट्रोलपंपांच्या आवारांतहि आतां चार्जिंगचीं यंत्रें दिसूं लागलीं आहेत. जागा ऐसपैस, रस्ता रुंद, माणूस रात्रंदिवस हजर, या दृष्टीनें ती निवड चांगली. अट एवढीच कीं पेट्रोलची वाफ जेथें जमूं शकते त्या धोक्याच्या पट्ट्याच्या बाहेर यंत्र असावें, आणि चार्जिंगसाठीं अर्धा तास थांबलेल्या मोटारींची रांग पेट्रोलच्या टँकरची वाट अडविणारी नसावी.

केंद्र सरकारच्या पहिल्या मार्गदर्शक सूचनांत शहरांमध्यें दर ३ किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत निदान एक स्टेशन असावें असें सांगितलें होतें. २०२४ च्या सूचनांत हा चौकोन २०३० पर्यंत १ किलोमीटरावर आणण्याचें ठरलें. इमारतींच्या आदर्श उपविधींतहि २०१९ सालीं दुरुस्ती होऊन वाहनतळाच्या २० टक्के जागेंत अशी सोय धरावी असें सुचविलें गेलें. हेतु उत्तम आहे. पण नकाशावर चौकोन आंखून त्यांत एकेक ठिपका देणें सोपें असतें, आणि तो ठिपका मग जेथें जागा फुकट मिळेल तेथें पडतो : पुलाखालच्या अंधारांत, किंवा ज्यावरून म्हातारींकोतारीं माणसें चालतात त्या पदपथावर. वाटेवर आडवी पडलेली केबल ही विजेच्या धक्क्याहून पुष्कळ अधिक माणसांना पाडील. रात्रीं अकरा वाजतां एकट्या स्त्रीला तीस-चाळीस मिनिटें थांबावें लागेल अशी जागा उजेडाची व रहदारीची असली पाहिजे. शिवाय ६० किलोवॅटचें एक जलद यंत्र पंधरा बिऱ्हाडांइतकी वीज एकदम ओढतें. गल्लीचा ट्रान्सफॉर्मर आधींच भरलेला असेल तर तेथें तें लावून शेजाऱ्यांचे दिवे मात्र मंद होतील.

राहतां राहिला तो प्रवाह एकदम तोडण्याचा खटका. बहुतेक यंत्रांवर तो लाल रंगाचा असतो व यंत्रालाच बसविलेला असतो. मोटार पेटल्यावर धुरांतून त्या यंत्रापर्यंत कोणीं जावयाचें? म्हणून तसाच दुसरा खटका वाहनतळाच्या दारापाशीं, पहारेकऱ्याच्या हाताशीं आणि अग्निशामक दलाच्या जवानाला बाहेरूनच दिसेल असा बसवावा लागतो. आणि विझविलेली मोटार दोन-तीन दिवस एकटी उभी ठेवतां येईल असा आवारांतला उघडा कोपराहि त्याच दिवशीं, त्याच नकाशावर आंखून ठेवावा लागतो.